जास्त पैसा, जास्त मतं, तरी हार: २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांची रणनीती कुठे फसली?

प्रश्न असा विचारला आहे की क्लिंटन यांच्याकडे ट्रम्प यांच्या जवळजवळ दुप्पट पैसा होता, कार्यकर्त्यांचं मोठं जाळं होतं, देशभरात मतंही २८ लाखांहून अधिक जास्त पडली, मग त्यांची प्रचाराची रणनीती नेमकी कुठे फसली? त्या काळात मी डेट्रॉईटजवळ राहत होतो आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात होतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं मिशिगनकडे झुकलेलं असेल. ते समजून घ्या.

माझं मत सरळ सांगतो. रणनीतीने जे करायचं ठरवलं होतं ते जवळपास सगळं केलं. ते केलं की माणूस निवडून येतो, हा हिशेबच चुकीचा होता.

ठरवलं काय होतं? ट्रम्प हा माणूस अध्यक्ष व्हायच्या लायकीचा नाही, एवढं लोकांच्या मनावर बिंबवायचं. त्या वर्षीच्या त्यांच्या जाहिराती आठवून पाहा. लहान मुलं टीव्हीसमोर बसली आहेत, पडद्यावर ट्रम्प कोणाला तरी शिव्या देताहेत, कोणाची तरी नक्कल करताहेत, आणि शेवटी प्रश्न की हे आपल्या मुलांनी बघायचं का? जाहिरात उत्तम होती. वेस्लियन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर मोजलं तेव्हा क्लिंटन यांच्या टीव्ही जाहिरातींत धोरणाचा विषय जेमतेम पाव भागात निघाला, बाकी सगळा भर माणसावर. ट्रम्प यांच्या जाहिरातींत धोरणाबद्दल त्याहून कितीतरी जास्त होतं. ते धोरण बरं की वाईट हा मुद्दा वेगळा.

आणि लोकांना ते पटलंही! मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत सुमारे ६० टक्के लोकांनी सांगितलं की ट्रम्प यांचा स्वभाव अध्यक्षपदाला साजेसा नाही. पण असं म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ पाचातल्या एकाने मत ट्रम्प यांनाच दिलं. दोन्ही उमेदवार नावडते असलेले मतदार १८ टक्के होते. त्यांच्यात ट्रम्प यांना ४७ टक्के मतं पडली, क्लिंटन यांना ३०. उमेदवारात सगळ्यात महत्त्वाचा गुण कोणता, या प्रश्नावर ‘बदल घडवून आणेल’ असं उत्तर देणारे ३९ टक्के होते आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त ट्रम्पकडे गेले. म्हणजे माणूस चांगला नाही हे मान्य, पण चाललंय तसंच चालू नको, असं म्हणणारा एक मोठा गट होता. त्या गटाला द्यायला क्लिंटन यांच्या प्रचाराकडे फारसं काही नव्हतं. ‘आपण एकत्र असलो तर बळकट’ ही घोषणा ज्याचं बरं चाललं आहे त्याला गोड वाटते. ज्याचा कारखाना बंद पडला आहे त्याला ती काय सांगणार?

आता आकडे, कारण त्याशिवाय हे कळत नाही. अमेरिकेत अध्यक्ष देशभरच्या बेरजेने ठरत नाही. एकूण ५३८ प्रतिनिधी-मतं असतात, २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी मतं. क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया ४२ लाखांहून जास्त मतांनी जिंकला. तो ४२ मतांनी जिंकला असता तरी फळ तेवढंच मिळालं असतं. उलट मिशिगन गेला १०,७०४ मतांनी, विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी, पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी. तिन्हींची बेरीज ७८ हजारांच्याही आत. या तीन राज्यांची ४६ प्रतिनिधी-मतं इकडची तिकडे झाली असती तर ट्रम्प २७० च्या खाली आले असते. (न्यू जर्सीत एडिसनला ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांची भारतीयांसमोर सभा झाली आणि मग ‘अब की बार ट्रम्प सरकार’ची जाहिरात आली, तेव्हा आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर महिनाभर धुमश्चक्री चालली होती. निकालावर परिणाम शून्य, कारण न्यू जर्सी डेमोक्रॅटिक पक्षाचं पक्कं राज्य.)

मिशिगनबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. धोक्याची घंटा मार्चमध्येच वाजली होती. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ८ मार्चच्या प्राथमिक निवडणुकीआधी चाचण्या क्लिंटन यांना २० टक्क्यांच्या आसपास आघाडी देत होत्या आणि जिंकले पक्षातले त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स. कशावर? मुख्यतः व्यापार करारांवर. नाफ्ता हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा व्यापार करार, तो अमलात आणणाऱ्या कायद्यावर सही हिलरींचे पती बिल क्लिंटन यांची, आणि पॅसिफिक भोवतीच्या देशांच्या टीपीपी या व्यापार कराराचं परराष्ट्रमंत्री असताना हिलरींनी कौतुक केलेलं, मग २०१५ मध्ये त्यांनीच विरोध केला. आमच्या धंद्यातल्या माणसाला नाफ्ता समजावून सांगावा लागत नाही. कुठलं काम कधी मेक्सिकोला गेलं हे त्याला पाठ असतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोर्डने जाहीर केलं की लहान गाड्यांचं सगळं उत्पादन मेक्सिकोत नेणार. ट्रम्प वर्षभरापासून म्हणत होते की फोर्डने तिकडे बनवलेल्या गाड्या इकडे आणल्या तर ३५ टक्के कर लावीन. हे होणार कसं, कायद्यात बसतं का, असले प्रश्न दुपारच्या जेवणाच्या टेबलावर कोणी विचारत नव्हतं. निदान कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, एवढं ऐकू येत होतं.

क्लिंटन अजिबात आल्याच नाहीत असं नाही. ऑगस्टमध्ये डेट्रॉईटशेजारच्या मॅकोम्ब काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) वॉरेनला एका कारखान्यात त्यांचं अर्थव्यवस्थेवर भाषण झालं, आणि त्यातले मुद्दे ट्रम्प यांच्यापेक्षा नक्कीच अभ्यासाचे होते. पण ते भाषण भाषणापुरतंच राहिलं, टीव्हीवर रोज दिसत राहिली ती वेगळीच गोष्ट. चार वर्षांपूर्वी ओबामांनी याच भागात काय केलं होतं? समोरचे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी हे कंपन्या विकत घेऊन माणसं काढणारे भांडवलदार, आणि डेट्रॉईट बुडत असताना ते बुडू द्या म्हणणारे. तुझ्या नोकरीच्या बाजूने कोण, असा थेट सवाल होता तो. मॅकोम्बमध्ये ओबामा १६ हजारांच्या आसपास मतांनी पुढे होते, २०१६ मध्ये ट्रम्प ४८ हजारांनी. दुसरीकडे डेट्रॉईट ज्यात येतं त्या वेन काउंटीत क्लिंटन यांना ओबामांपेक्षा सुमारे ७६ हजार मतं कमी पडली. ती सगळी मतं ट्रम्पकडे गेली नाहीत, बरीच घरीच बसली. हरल्या त्या १० हजारांनी, हे लक्षात ठेवा.

प्रचाराचं मुख्यालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होतं आणि प्रचारप्रमुख रॉबी मूक यांच्या हाताखालच्या चमूचा भरवसा आकडेमोडीवर होता. ‘एडा’ नावाची एक संगणकप्रणाली रोज निवडणुकीच्या चार लाख नकली फेऱ्या चालवायची आणि पैसा कुठे ओतायचा ते सांगायची. पेनसिल्व्हेनिया महत्त्वाचं हे तिने बरोबर ओळखलं. मिशिगन आणि विस्कॉन्सिनचा धोका तिला फार उशिरा दिसला. अशा यंत्राला दोष देऊन उपयोग नाही, त्याला चाचण्यांचे आकडे मिळतात तसं ते बोलतं, आणि त्या वर्षी कित्येक राज्य-चाचण्यांत कॉलेजात न गेलेले गोरे मतदार कमी धरले गेले होते. पण स्थानिक कार्यकर्ते ओरडत होते त्याचं काय? निवडणुकीनंतर एक हकीकत छापून आली. सेवाक्षेत्रातल्या कामगारांची मोठी संघटना एसईआययू हिने आयोवातले आपले स्वयंसेवक मिशिगनला वळवायचं ठरवलं. ब्रुकलिनहून निरोप आला की मागे फिरा, आयोवातच थांबा, म्हणजे ट्रम्पला वाटेल आम्ही तिथे लढतोय. आयोवा ९ टक्क्यांहून जास्त फरकाने गेला. त्याच सुमारास, मतदानाला आठवडाही उरला नसताना, खुद्द क्लिंटन ॲरिझोनात टेंपीला सभा घेत होत्या. मोठा विजय मिळवायचा म्हणून. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं ते हेच. ॲरिझोना ९१ हजार मतांनी गेला.

विस्कॉन्सिनचं उदाहरण सगळेच देतात: पक्षाची उमेदवारी मिळाल्यावर क्लिंटन तिथे एकदाही गेल्या नाहीत. खरं आहे. जूनमध्ये ग्रीन बेला ओबामांसोबत ठरलेली सभा ऑर्लँडोच्या गोळीबारामुळे रद्द झाली, ती तिथे पुन्हा झालीच नाही. पण मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं, कारण पेनसिल्व्हेनियात त्या पुन्हा पुन्हा गेल्या, पैसा पाण्यासारखा ओतला, शेवटच्या रात्री फिलाडेल्फियात ओबामा पतिपत्नींसह प्रचंड सभा झाली, तरी ते राज्य गेलंच. तिथे हजेरीत काही कमी नव्हतं.

तिथे दुसरा हिशेब उलटला. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर चक शूमर यांनी त्या उन्हाळ्यात तो उघडच मांडला होता: पश्चिम पेनसिल्व्हेनियात एक कामगार मतदार गेला तर फिलाडेल्फियाच्या उपनगरांत दोन मवाळ रिपब्लिकन मिळतील. उपनगरांत क्लिंटन यांनी खरोखरच ओबामांपेक्षा चांगली कामगिरी केली. पण देशभरात जवळपास ९० टक्के रिपब्लिकन शेवटी आपल्याच पक्षाकडे गेले, आणि इकडे ईरी काउंटी, जी ओबामांनी १६ टक्क्यांनी जिंकली होती, ती ट्रम्पकडे झुकली. लुझर्न काउंटीत ओबामा पाचेक टक्क्यांनी पुढे होते, तिथे ट्रम्प १९ टक्क्यांच्या आसपास पुढे गेले. एकाला दोन हा भाव बाजारात मिळालाच नाही.

कोमींच्या पत्राचं काय, असं कोणीतरी खाली विचारेलच. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी २८ ऑक्टोबरला ईमेल प्रकरणाची (क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामाला खासगी ईमेल वापरल्याची) तपासणी पुन्हा सुरू केल्याचं अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, कळवलं, आणि ७८ हजारांच्या आत ठरलेल्या निवडणुकीत त्या पत्राने निकाल फिरला असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मात्र त्याचा फटका एवढा का बसला तेही पाहा. निवडणूक ‘दोघांत बरा माणूस कोण’ या एकाच प्रश्नावर आणून ठेवली होती ती क्लिंटन यांच्याच प्रचाराने. शेवटच्या ११ दिवसांत चर्चा त्यांच्याच चारित्र्यावर आली, तेव्हा मॅकोम्बच्या मतदारापुढे ठेवायला दुसरा विषयच शिल्लक नव्हता.