प्राथमिकच्या शिक्षकाने गणितात एमएस्सी करावी की एमएड?

ताई, तुम्ही डीएड, बीए आहात आणि चौथीला शिकवता, तर माझं मत सरळ एमएड, म्हणजे शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. एमएस्सीला तुम्ही टोपोलॉजी (आकारांचं अमूर्त उच्च गणित) वगैरे शिकाल, छानच आहे ते, पण वर्गात पोरगं ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहितं तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. ते पोरगं निष्काळजी नसतं हो, २ मधून ७ जात नाहीत म्हणून ते ७ मधून २ काढतं, मग ५ मधून २, त्याच्या डोक्यात नियम पक्का असतो फक्त चुकीचा, आणि तो ओळखून दशकाचे गठ्ठे सोडवून दाखवायचे की नुसतं 'हातचा घे' म्हणायचं हे कळणं हाच गणितशिक्षणाचा खरा अभ्यास. एमएडला बीएडच लागतं असं नाही, डीएड अधिक पदवी चालते, दोन्हीत ५०% हवेत, कोर्स २ वर्षांचा. प्रबंधाला विषय प्राथमिक गणिताचाच घ्या, आणि गाईड त्यातला आहे का हे अ‍ॅडमिशनआधीच विचारा, हे फार महत्त्वाचंय. पुढे पीएचडी करावीशी वाटली तर मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहेच, तिथे गणितशिक्षणावर संशोधन चालतं. तोवर पोरांच्या चुकलेल्या वह्यांचे फोटो जपून ठेवा, प्रबंधाला कामी येतील.