मित्रांचा साहेब झालो, आता माणसं कशी जोडू?

पत्र : चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी मशीन शॉपला आहे. डिप्लोमा करून ऑपरेटर म्हणून लागलो, मग मशीन लावून देणारा सेटर झालो आणि चार महिन्यांपूर्वी शिफ्ट इनचार्ज. ज्यांच्याबरोबर डबा खायचो तेच आता हाताखाली आहेत. काम सांगितलं की ‘हो साहेब’ म्हणून एकमेकांकडे बघून हसतात. मेंटेनन्सला फोन केला तर अर्धा तास कुणी फिरकत नाही. क्वालिटीशी रोज खडाजंगी. टार्गेट मात्र मी पूर्ण काढतो. तरी मॅनेजर म्हणाले, “काम चोख आहे, पण माणसं तुझ्याबरोबर नाहीत. असिस्टंट मॅनेजर व्हायचं तर आधी माणसं जोड.” मला हांजी हांजी करणं, चहा पाजत फिरणं जमत नाही. काय करू?
— शिफ्ट इनचार्ज, चाकण

उत्तर : चहा पाजत फिरूच नका. काल चारचौघांत झापलं आणि आज कटिंग पुढे केलं, की माणूस चहा पितो आणि मनात हसतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र नीट तपासून बघा : ‘टार्गेट मी पूर्ण काढतो.’ ते कशातून निघतं? मशीनचं पीएम, म्हणजे ठरलेली देखभाल, पुढे ढकलून? शेवटच्या तासात क्वालिटीच्या इन्स्पेक्टरच्या मागे लागून? कापायच्या हत्याराची झिजलेली टिप तशीच पुढच्या शिफ्टच्या गळ्यात मारून? नवा इनचार्ज बहुतेक वेळा या तीन ठिकाणी उधारी करतो. आकडा त्याच्या नावावर चढतो, फेडतात दुसरे. मग फोन केल्यावर अर्धा तास कुणी येत नाही, यात नवल काय?

सुरुवात मेंटेनन्सपासून करा, कारण तिथे फरक सगळ्यात लवकर दिसतो. ‘मशीन बंद पडलंय, लवकर या’ हा निरोप काही कामाचा नाही. मशीन नंबर, अलार्म नंबर, किती वाजता थांबलं, कुठल्या ऑपरेशनला थांबलं, हायड्रॉलिक प्रेशर किती दाखवतंय आणि त्याआधी कुणी काय बदललं होतं, एवढं सांगा. टेक्निशियन मग योग्य हत्यार आणि सुटा भाग घेऊनच निघतो, त्याची एक फेरी वाचते. खरं भांडण मात्र ब्रेकडाऊन स्लिपवर असतं. मशीन दीड तास बंद होतं, पण त्यातली पंचवीस मिनिटं सेटर मोकळा नव्हता आणि पंधरा मिनिटं पहिला पीस पास व्हायला लागली. प्रॉडक्शनवाले सरसकट दीड तास मेंटेनन्सच्या खात्यावर टाकतात आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांचा इंजिनियर बोलणी खातो. तुम्ही स्लिपवर वेगवेगळ्या वेळा लिहा : कॉल दिला, माणूस पोचला, दुरुस्ती संपली, पहिला ओके पीस निघाला. स्वतःच्या सेटरमुळे गेलेला वेळ स्वतःच्या नावावर घ्या. आणि पीएमच्या ठरलेल्या दिवशी मशीन ठरलेल्या वेळी सोडा. त्यासाठी दोन दिवस आधी उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या पीपीसीशी बोलून तेवढे पीस अगोदर काढून ठेवावे लागतील. ही कटकट आहे, पण महिनाभर सांभाळली तर तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाईल.

क्वालिटीचं सूत्र वेगळं. तिथे आपली चूक इन्स्पेक्टरला सापडायच्या आत आपण सांगायची. बोअर (पीसमधलं भोक) मोठा झाल्याचं लक्षात आलं की शेवटच्या ओके पीसपासून पुढचे सगळे पीस बाजूला काढा, होल्ड टॅग लावा आणि मग इन्स्पेक्टरला बोलवा. तपासणी दर तासाला असेल तर तासाभराचं अख्खं उत्पादन संशयित धरायचं, फक्त हातातला पीस नाही. रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरकडे ‘डेव्हिएशनवर सोड ना’, म्हणजे मापात नसलेला माल सवलतीने पास कर, असा तगादा कधीही लावू नका. ते त्याच्या अधिकारातच नसतं. माल कस्टमरकडून परत आला तर मान त्याची अडकते आणि तुमचं नाव तो वर्षानुवर्षं विसरत नाही.

राहिला पुढच्या शिफ्टचा इनचार्ज. या माणसाशी नातं जोडायचं कुणाला सुचतच नाही. शिफ्ट संपायच्या वीस मिनिटं आधी लाईनवर एक फेरी मारा आणि हँडओव्हर केबिनमध्ये न करता मशीनपाशी उभं राहून द्या. बस सुटायच्या घाईत ‘सगळं ओके आहे’ म्हणून सटकायचं नाही. आधी वाईट ते सांगायचं : कुठली टिप संपत आलीय, कुठल्या मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) सारखा द्यावा लागतोय, कुठल्या बिनमध्ये रिवर्क, म्हणजे पुन्हा काम करायचे पीस, पडलंय. समोरचा तसं वागत नसला तरी महिनाभर तुम्ही वागा. हेच लॉगबुकातही लिहा, तिथे लिहिलेलं सगळेच वाचतात.

आता जुने मित्र. ‘हो साहेब’ म्हणून ते हसतात ते तुम्हाला चाचपून बघतायत. हा पूर्वीसारखाच राहील की डोक्यावर बसेल, हे त्यांनाही कळलेलं नाही. चार महिने गेले असले तरी बिघडलं नाही. प्रत्येकाशी एकेकटं, मशीनपासून दूर, पंधरा मिनिटं बोला. सरळ विचारा, “माझं कुठे चुकतंय असं वाटतं?” आणि मग गप्प बसा. उत्तराला वेळ लागेल, तेवढा जाऊ द्या. मैत्री तोडायची गरज नाही, जुना व्हॉट्सॲप ग्रुपही सोडू नका, फक्त तिथे कामाचं काही टाकू नका. पैशांचा व्यवहार मात्र थांबवा. हातउसने नकोत आणि शॉपमधली भिशी तुमच्याकडे असेल तर दुसऱ्याकडे सोपवा.

मित्रांमध्ये आणि बाकीच्यांमध्ये खटका उडतो तो तीन गोष्टींवरून : जड मशीन कुणाला, ओटी (ओव्हरटाइम) कुणाला, सुट्टी कुणाला. तिन्ही तोंडी ठेवल्यात तर तुम्ही कितीही सरळ असलात तरी ‘आपल्या माणसांना बघतो’ हे ऐकावंच लागेल. कास्टिंग हाताने उचलावं लागतं त्या मशीनचं आठवड्याचं रोटेशन बोर्डावर लावा. ओटीची यादी क्रमाने चालवा, नको म्हणाला त्याच्या नावापुढे तसं लिहा. गणपतीच्या रजा महिनाभर आधी मागवा आणि गेल्या वर्षी ज्याला मिळाली नव्हती त्याचा नंबर पहिला लावा. पहिल्याच महिन्यात जवळच्या मित्राला एखादी सुट्टी नाकारावी लागेल. त्याला ते बोर्डावरून कळू देऊ नका, आधी स्वतः जाऊन सांगा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये सुपरवायझरांना घाईने तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम चालवला होता. युद्धानंतर तो जपानलाही गेला. त्यात माणसं सांभाळण्याबद्दल चार मूळ गोष्टी शिकवत : काम कसं चाललंय ते ज्याचं त्याला सांगा, चांगल्या कामाचं श्रेय वेळेवर द्या, ज्या बदलाची झळ बसणार तो आधी कळवा आणि ज्याच्यात जे कसब आहे ते वापरा. तिसरी गोष्ट आपल्याकडे हटकून राहते. उद्यापासून दोन मशीन एकाने चालवायची, हे माणसाला उद्या सकाळीच कळतं. श्रेयाचं म्हणाल तर ‘शाब्बास’ पुरत नाही. कायझेनच्या, म्हणजे सुधारणा सुचवायच्या, फॉर्मवर ऑपरेटरचं नाव लिहा आणि मीटिंगमध्ये त्याने नेमकं काय केलं ते सांगा.

कंत्राटी मुलांनाही नावाने हाक मारा. पगार लांबला म्हणून ती तुमच्याकडे आली तर ‘बघतो’ म्हणून टोलवू नका आणि तारीखही कबूल करू नका. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर कायद्याने ती जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्या कंपनीवर, येते, त्यामुळे एचआरला हा विषय झटकता येत नाही. त्याच दिवशी लेखी कळवा आणि काय उत्तर आलं ते मुलांना सांगा, मग ते नकाराचं का असेना.

एवढं करूनही पहिले सहा-आठ आठवडे फारसं काही दिसणार नाही, उलट आकडा थोडा खालीही येईल, कारण उधारी बंद झालेली असेल. मॅनेजरना हे आधीच सांगून ठेवा. त्यांच्याकडे आठवड्यातून दहा मिनिटं मागून घ्या आणि जाताना एक आकडा, एक अडचण आणि एक मागणी घेऊन जा, बाकी गाऱ्हाणी नकोत. सुधारणा होतेय की नाही हे ओळखायला एक खूण पुरेशी आहे : पीस खराब झाला की ऑपरेटर तो खराब मालाच्या लाल बिनमध्ये तळाशी दडपतो, की हातात घेऊन तुमच्याकडे येतो.

आणि असिस्टंट मॅनेजरच्या जागेबद्दल, ‘माणसं जोड’ म्हणजे नेमकी कुणाची, हे मॅनेजरना विचाराच. त्या जागेसाठी कुठल्या दोन खात्यांचं मत घेतलं जातं ते त्यांना माहीत असतं. पुढची कस्टमर कम्प्लेंट आली की 8डी टीममध्ये, म्हणजे तक्रारीचं मूळ शोधून ती मिटवणाऱ्या गटात, तुमचं नाव घालायला सांगा. क्वालिटी, मेंटेनन्स, डेव्हलपमेंट, स्टोअर, सगळे तिथे एका टेबलाला बसतात. कुणालाच नको असलेलं काम, म्हणजे तिन्ही शिफ्टचे रीडिंग गोळा करायचं, ते तुम्ही मागून घ्या.