वाचकांचे प्रश्न : आल्प्समधली चाल आणि स्कीइंग

आठ-दहा दिवसांच्या एकाच सहलीत ट्रेकिंग आणि स्कीइंग दोन्ही करायचे आहे. एप्रिलची अखेर किंवा मे कसा?

नेमका हाच काळ टाळा. तेव्हा बहुतेक गावांतल्या लिफ्ट आणि केबल कार देखभालीसाठी बंद असतात, वरच्या वाटा बर्फाखाली आणि खालच्या चिखलात असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचीही तीच गत.

दोन्ही जमवायचे तर फेब्रुवारी-मार्च चांगला. सकाळी स्कीइंग आणि दुपारी हिवाळी पायवाटांवर चाल असा दिवस बसवता येतो. या वाटांवरचा बर्फ यंत्राने दाबलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या पाट्या गुलाबी असतात. दुसरा पर्याय जुलै-ऑगस्टचा. स्वित्झर्लंडमधले झरमॅट आणि ऑस्ट्रियातले हिन्टरटुक्स इथल्या हिमनद्यांवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालते, पण दुपारपर्यंत बर्फ मऊ पडतो, म्हणून ते सकाळचेच काम. स्की पहिल्यांदाच पायात घालणार असाल तर हिवाळाच निवडा.

पाटीवर 'साडेचार तास' लिहिलेले असते. आम्हाला तेवढ्यात जमेल हे कसे ओळखायचे? पाट्यांच्या रंगांचा अर्थ काय?

पाटीवरची वेळ सतत चालण्याची असते. त्यात जेवण, फोटो, विश्रांती धरलेली नसते. स्वतः हिशेब करायची जर्मन-ऑस्ट्रियन रीत अशी : सपाटीला तासाला 4 किलोमीटर, चढाला तासाला 300 मीटर उंची, उताराला तासाला 500 मीटर. अंतराचा वेळ वेगळा काढा, उंचीचा वेगळा. जो मोठा येईल तो पूर्ण घ्या आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवा.

समजा वाट 12 किलोमीटरची, चढ 900 मीटर, उतार 600 मीटर. अंतराचे 3 तास. उंचीचे चढाला 3 आणि उताराला 1 तास 12 मिनिटे, मिळून 4 तास 12 मिनिटे. त्यात 3 तासांचे निम्मे, म्हणजे दीड तास. एकूण 5 तास 42 मिनिटे आणि विश्रांती वेगळी. पहिल्या दिवशी या आकड्याशी स्वतःचा वेग ताडून पाहा, पुढचे दिवस त्या प्रमाणात आखा. नकाशावर फक्त किलोमीटर पाहून बेत करणारे हमखास चुकतात.

रंगांचे म्हणाल तर स्वित्झर्लंडमध्ये नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट : घसारा, अरुंद आडव्या चाली, कुठे साखळी धरून जावे लागते. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की हात टेकून चढायची, प्रसंगी हिमनदी ओलांडायची तयारी हवी. सवय नसेल तर तिथूनच मागे फिरा. ऑस्ट्रियात मात्र निळी म्हणजे सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. एका देशाचा निळा दुसऱ्या देशात लावू नका. घोटाळा इथेच होतो.

आणि निघा लवकर. उन्हाळ्यात दुपारी ढग चढतात आणि विजा कडाडतात, म्हणून दुपारी एकच्या आत धारेवरून आणि खिंडीतून खाली आलेले बरे. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, किलोमीटर मिळतात. 30 सेकंदांच्या आत ऐकू आले तर धोका सुरू झाला आहे. धार सोडा, एकट्या झाडापासून आणि वाटेवरच्या लोखंडी दोरांपासून दूर व्हा.

मॉं ब्लांभोवतीची फेरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात करायची आहे. बर्फ लागेल का?

फेरी साधारण 170 किलोमीटरची, एकूण चढाई 10,000 मीटरच्या आसपास. जुलैच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या उतारांवर, 2,400-2,500 मीटरच्या वर, बर्फाचे पट्टे असू शकतात. ग्रां कोल फेरे ही खिंडच 2,537 मीटरवर आहे. हिवाळ्यात किती बर्फ पडला त्यावर सगळे ठरते, म्हणून आदल्या संध्याकाळी पुढच्या हटवर (डोंगरातले मुक्कामाचे घर) फोन करून वाट विचारा. बुटांवर ओढून बसवायचे छोटे स्पाइक्स आणि दोन काठ्या पुरतात.

सकाळचा बर्फ काचेसारखा कडक असतो. उतार तिरका आणि खाली खडक किंवा कडा असेल तर ऊन लागून तो मऊ होईपर्यंत थांबा किंवा वाट बदला. ओढ्यावरचा बर्फ खालून पोकळ झालेला असतो आणि मोठ्या दगडांच्या कडेला तर पाय मांडीपर्यंत आत जातो. दोन्हीपासून अंतर ठेवा. घसरलात तर क्षणात पोटावर वळा आणि जोर काढतानासारखे हातांवर व बुटांच्या टोकांवर अंग उचला. पायांत स्पाइक्स असतील तर टोके रोवू नका, ती अडकून माणूस उलटतो. तेव्हा गुडघ्यांनी दाबा.

हटमध्ये मुक्काम करताना काय सोबत हवे?

स्लीपिंग लायनर, म्हणजे चादर शिवून केलेली पिशवी. बहुतेक ठिकाणी ती सक्तीची असते. ब्लँकेट तिथे मिळते. कानात घालायचे बोळे, डोक्याचा दिवा आणि रोख पैसे : स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, बाकीकडे युरो. बूट दारातच काढायचे, आत घालायला सपाता बहुधा हटवर असतात. जेवण एकाच वेळी, साडेसहा-सातला वाढतात, म्हणून चारपर्यंत पोहोचा. मॉं ब्लांच्या फेरीवरच्या हट काही महिने आधी भरतात. येणार नसाल तर नक्की कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर तुमचा शोध सुरू होऊ शकतो.

भाड्याच्या स्की-बुटांनी पाय ठणकतात. एक नंबर मोठा घ्यावा का?

नाही. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, बोटे पुढे आपटतात, आणि ते टाळायला माणूस क्लिपा करकचून आवळतो. ठणका त्याचाच असतो.

स्की-बुटाचा नंबर पायाच्या लांबीचा, सेंटिमीटरमध्ये असतो. दुकानात आतले अस्तर काढून रिकाम्या कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा हवी. मग अस्तर घालून बघा : ताठ उभे असताना बोटे पुढे हलकीच टेकावीत, गुडघे पुढे वाकवले की सुटावीत. मोजा पातळ, गुडघ्यापर्यंतचा आणि एकच. दोन मोज्यांना सुरकुत्या पडतात, रक्त अडते आणि पाय उलट जास्त गारठतात. आतली लांब पँटही बुटात कोंबू नका. टाच आपटून मागे बसवा, आधी नडगीवरच्या क्लिपा लावा, गुडघे वाकवा, मग खालच्या. बोटांवरची सगळ्यांत सैल.

याहून महत्त्वाचे आहे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड. पडताना स्की किती जोर आल्यावर सुटावी हे ते ठरवते. त्याची मांडणी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी यांवरून होते. लाजेखातर 'मला येते' सांगितले तर आकडा वाढतो, स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. वजन कमी सांगितले तर ती भलत्या वेळी निघते. खरे तेच सांगा. दुपारी बूट बदलून घेतलेत तर मांडणीही पुन्हा करून घ्या, कारण तळाची लांबी बदललेली असते.

आखलेल्या उताराबाहेर, आधी गेलेल्यांच्या खुणांवरून गेले तर सुरक्षित असते ना?

नसते. उतार दहाव्या माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. हिमस्खलनाचा धोका 1 ते 5 अशा पातळ्यांत रोज जाहीर होतो. 3 हा आकडा मधला म्हणून बेताचा वाटतो, पण सर्वाधिक बळी याच पातळीला जातात. 30 अंशांहून तिरक्या उतारावर बाहेर जायचे तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठिकाणा रेडिओ-संकेताने शोधायचे यंत्र), शोधकाठी आणि फावडे हवे, वापराचा सराव हवा आणि पहिल्यांदा परवानाधारक गाइड हवाच. गाडलेल्याला पहिल्या 10-15 मिनिटांत सोबतचेच वाचवू शकतात. बाहेरची मदत बहुधा त्यानंतर पोहोचते.

विमा आणि मदतीचे क्रमांक?

नेहमीच्या प्रवासविम्यात स्कीइंग आणि हेलिकॉप्टर-बचाव आहे का, हे शब्दन्शब्द वाचून बघा. इटलीत 2022 पासून स्कीइंग करणाऱ्याकडे, दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा असणे सक्तीचे आहे. फ्रान्समध्ये लिफ्ट-पासबरोबर दिवसापुरता 'कारे नेज' विमा मिळतो.

सगळीकडे 112, शिवाय स्वित्झर्लंडमध्ये 1414, ऑस्ट्रियात 140. फोन लागत नसेल तर शिटी किंवा दिवा : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. हेलिकॉप्टर वर आले की दोन्ही हात तिरके वर करणे म्हणजे 'मदत हवी'. एक हात वर आणि दुसरा खाली म्हणजे 'नको'. म्हणून सहज जाणाऱ्या हेलिकॉप्टरकडे पाहून दोन्ही हात उंचावू नका.