काळ्या मातीत पाणी मुरवणारे ब्लॉक: आधी खाली काय आहे ते पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्धा जिल्ह्यातलं गाव, घरापुढे साधारण १२ बाय ८ मीटरचं अंगण. ग्रामपंचायतीनं समोरचा सिमेंट रस्ता जुना न फोडता वरच्यावर पुन्हा ओतला, तो आता अंगणापेक्षा उंच झाला. जोराचा पाऊस आला की रस्त्याचं पाणी, घराच्या टिनाच्या छपरावरचं पाणी आणि अंगणात पडलेलं पाणी, सगळं ओसरीच्या पायरीशी येऊन थांबतं. वरची काळी माती साडेतीन फूट आणि त्याखाली मुरूम, हे विहीर खणताना पाहिलेलं. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत टँकरभर पाणी ब्लॉकवर ओतलं तर ते जागच्या जागी गायब झालं. तसे ब्लॉक टाकावे का?

टाकता येतात. पण व्हिडिओतलं ते पाणी गायब झालेलं नसतं, खालच्या गिट्टीच्या थरात जाऊन बसलेलं असतं. तिथून पुढे ते कुठे जातं हे व्हिडिओत दाखवत नाहीत, आणि आपल्याकडे खरी गोम तिथंच आहे.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मे महिन्यात भेगेत मनगटापर्यंत हात जातो. मृगाचं पहिलं पाणी त्या भेगा घटाघटा पितात आणि माणसाला वाटतं, आपली जमीन पाणी चांगली पिते. भेगा मिटल्या की त्याच मातीतून तासाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर पाणी उतरलं तरी पुष्कळ. म्हणजे नुसत्या काळ्या मातीवर गिट्टी टाकून वर ब्लॉक लावले तर तुम्ही अंगणाखाली डबकं तयार केलं. ते दिसणार नाही एवढंच. आणि ती माती सतत ओली राहून फुगली तर ब्लॉक वरखाली होतील, भिंतीच्या पायाजवळ पाणी राहिलं तर भिंतीला चीर पडेल.

तुमच्या बाबतीत बरी गोष्ट ही की साडेतीन फुटांवर मुरूम आहे. हाच प्रश्न दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातून आला असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. तिथं माती खोलच खोल, त्यात सोडियमनं तिची छिद्रं मिटलेली. पाणी खाली जातच नाही. तिकडे गिट्टीच्या थरातून पाइप काढून पाणी बाहेर नेण्याला पर्याय नाही. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात अडचण उलटी, पावसाळ्यात भूजलच इतकं वर येतं की मुरवायला खाली जागा उरत नाही. थराच्या तळापासून भूजल निदान तीन फूट खाली असावं लागतं.

मुरूम आहे म्हणजे तो पाणी पितोच असंही नाही. काही ठिकाणी तो घट्ट, मातकट असतो, काही ठिकाणी हातभर मुरमाखाली लगेच काळा पाषाण लागतो. म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी चाचणी घ्या. अंगणाच्या रस्त्याकडच्या बाजूला मुरूम लागल्यावर त्यात फूटभर आत जाईल असा खड्डा घ्या. संध्याकाळी पाण्यानं भरून ठेवा, रात्रभर मुरू द्या. सकाळी तळात वीतभर पाणी राहील असं पुन्हा भरा, त्यात खुणा केलेली काडी उभी करा आणि दर अर्ध्या तासानं पाणी किती उतरलं ते लिहा. पहिले आकडे सोडून द्या, शेवटचे दोन-तीन जवळपास सारखे येतील, तोच खरा वेग. ही चाचणी चांगले दोन-चार पाऊस झाल्यावरच करायची. उन्हाळ्यात केली तर भेगा तुम्हाला फसवतील.

आता पाण्याचा हिशेब. हवामान खातं दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला जोरदार म्हणतं, तर आपण ६५ धरू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्या ९६ चौरस मीटर अंगणावर ६,२४० लिटर. टिन ८० चौरस मीटरचं धरलं तर थोडी घट वजा करून ४,७०० लिटर. आणि समोरचा रस्ता ४ मीटर रुंद व ६० मीटर लांब तुमच्याकडे उतरत असेल तर त्याचे एकट्याचे १५,६०० लिटर.

इथेच निर्णय होतो. रस्त्याचं पाणी अंगणाच्या थरात घ्यायचं नाही, अजिबात नाही. ते नुसतं जास्त आहे म्हणून नव्हे. ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, बैलांचं शेण, कचरा, सगळं त्यात येतं आणि ब्लॉकच्या फटी एका हंगामात बुजतात. फाटकाशी चार-पाच इंच उंच उंबरा घाला, त्याच्या बाहेर लोखंडी जाळीची आडवी नाली घ्या आणि ते पाणी रस्त्याच्या नालीलाच द्या. तुमच्या तक्रारीतलं निम्म्याहून जास्त पाणी इथंच थांबेल. कदाचित एवढ्यावरच भागेलही.

टिनाचं पाणी स्वच्छ असतं, ते जमिनीखाली घालायचं माझ्या जिवावर येतं. तुमची स्वतःची विहीर आहे. वर्ध्याकडे वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे ८० चौरस मीटर टिनावरून हंगामात ७० हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येतं. पन्हाळी लावा, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय ठेवा, वाळू-गिट्टीच्या गाळणीतून ते विहिरीत घ्या.

मग अंगणाखाली फक्त अंगणाचं पाणी उरलं. गिट्टीत साधारण ४० टक्के जागा मोकळी असते. २० सेंटीमीटर थर दिला तर ९६ चौरस मीटरमध्ये ७,६०० लिटरच्या वर पाणी मावतं, भागलं. टिनाचंही घालायचं म्हटलं तर ३० सेंटीमीटर लागेल, आणि मग गिट्टीच दहा ब्रासच्या वर जाते.

खणायचं कसं, तर सगळी काळी माती मुरमापर्यंत काढायची गरज नाही. अंगणभर दीड-पावणेदोन फूट काढा, तळाला घराकडून रस्त्याकडे हलका ढाळ द्या. त्यावर पाणी मारून, रोलरनं दाबून अर्धा फूट मुरूम. हा मुरूम मुरवण्यासाठी नाही, काळ्या मातीचं फुगणं दाबून धरण्यासाठी आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या मातीचा असा थर द्यायचं तंत्र मांडलं, काळ्या मातीतल्या कालव्यांना ते वापरतात. मुरमावर शेततळ्याला टाकतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, आणि गिट्टीनं तो फाटू नये म्हणून वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं जाड कापड. रस्त्याच्या बाजूला, रस्त्यापासून मीटरभर आत, अंगणाच्या पूर्ण लांबीची दोन फूट रुंद चर मुरमात फूटभर उतरेल इतकी खोल घ्या. कागद चरीच्या काठावरून काळी माती संपेपर्यंत खाली सोडायचा, तळ उघडा ठेवायचा. चर गिट्टीनं भरली की पाणी अंगणभर साठेल आणि उतरेल मात्र मुरमातच. घराचा पाया कोरडा राहतो.

मुरूम तासाला एक इंच पाणी पीत असेल तर एवढ्या चरीतून अंगणाचं ६,२४० लिटर पाणी दीड दिवसात जातं. तीन दिवसांत थर रिकामा व्हायलाच हवा, नाहीतर पुढच्या पावसाला जागा नसते. चाचणीत अर्ध्या इंचापेक्षा कमी आलं तर चर दुप्पट रुंद करा किंवा पाइप काढा. जादा पाण्यासाठी थराच्या वरच्या अंगाला चार इंची पीव्हीसी पाइप तर कोणत्याही परिस्थितीत हवाच. तो नालीत सोडण्याआधी मिस्त्रीच्या पारदर्शक नळीनं पातळी तपासा. नाली पाइपापेक्षा उंच असेल तर पाणी उलटं तुमच्याकडे येईल. रस्ता उंचावलेल्या गावात हे हमखास होतं.

थर खालून वर असे: चाळीस मिलिमीटरची गिट्टी, तिच्यावर चार इंच वीस मिलिमीटरची, मग दोन इंच सहा मिलिमीटरची बारीक गिट्टी आणि वर ब्लॉक. फटीतही तीच बारीक गिट्टी. वाळू नाही आणि चुरी, म्हणजे खदानीतली दगडाची भुकटी, तर नाहीच. ब्लॉक बसवणारी माणसं सवयीनं चुरीचा बेड करतात, कारण त्यावर ब्लॉक पटकन लेव्हलला येतो. तुम्ही नाही म्हणालात तरी चहाला गेलात की टोपली पडते. चुरी ओली झाली की सिमेंटसारखी बसते, मग वरचा ब्लॉक कितीही महागाचा असो, पाणी वरच राहतं. गिट्टीही धुतलेली घ्या. खदानीतून येते तिला इतकी धूळ असते की एका घमेल्यात पाणी ओतून हलवलं तर राखुंडी कालवल्यासारखं पाणी दिसतं. आणि चारी बाजूंनी काँक्रीटची कड बांधा, नाहीतर ब्लॉक सरकतात.

ब्लॉक निवडताना नेहमीचा गट्टू चालणार नाही, त्याच्या फटी दोन-चार मिलिमीटरच्या असतात. आठ-दहा मिलिमीटर फट राहील असे बाजूला गुट्ट्या असलेले ब्लॉक घ्या. आयएस १५६५८ या ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे दुचाकीपुरतं अंगण असेल तर ६० मिलिमीटर जाडीचा एम-३५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) पुरतो. ट्रॅक्टर आत येत असेल तर ८० चा एम-४०.

आता घरात विचारून घ्यायची गोष्ट. अंगणात शेणाचा सडा पडतो का? पडत असेल तर हे ब्लॉक विसरा. सडा हा जमीन लिंपण्यासाठीच असतो, तो फटी लिंपणारच. सोयाबीन किंवा तूर अंगणात काढत असाल, कुटार तिथंच उडत असेल, तरी तेच. असं असेल तर दाराजवळचा, सड्याचा भाग तसाच ठेवा आणि रस्त्याकडची अर्धी बाजू ब्लॉकची करा. अर्ध्या अंगणाचंच काम करावं असं माझं तरी मत आहे, खर्चही आवाक्यात राहतो. गोठ्याचं पाणी, युरियाची पोती, फवारणीचे पंप धुणं, हे सगळं या भागापासून लांब. चरीपासून विहीर निदान ३० मीटरवर असावी. जवळ असेल तर चर दुसऱ्या टोकाला न्या.

देखभाल फार नाही. रोहिणी संपता संपता कोरड्या झाडूनं जोर लावून झाडायचं, पाणी मारून नाही. मग ठिकठिकाणी बादलीभर पाणी ओतून पाहायचं. पाणी फटीत न जाता पसरत असेल तिथली वरची इंचभर गिट्टी खुरपीनं उकरून नवी भरायची.

बजेट कमी असेल तर ब्लॉक सोडा, उंबरा, जाळीची नाली आणि रस्त्याकडची चर एवढंच करा. अंगण मातीचंच राहू द्या, चरीच्या तोंडाशी गाळ बसायला छोटा हौद ठेवा. दिसायला साधं, पण काम तेच होतं. निघालेली काळी माती कोणाला फुकट देऊ नका, बरड वावरात टाका.

रस्ता उंच झाल्याची गोष्ट मात्र एकट्यानं सुटणार नाही, ती ग्रामसभेत काढा. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच असलेल्या, निधीत (२०२१-२६) पावसाचं पाणी साठवण्याची कामं बसत होती, आता कोणत्या निधीत बसतात ते तिथंच विचारा. पुढचा रस्ता ओतताना जुना खरवडून पातळी राखा आणि नालीला ढाळ द्या, हे ठरावात लिहून घ्या.

चाचणीचा आकडा, नालीची पातळी आणि विहिरीचं अंतर इथं टाका. मग चर कुठे घ्यायची आणि पाइप किती उंचीवर ठेवायचा ते सांगतो.