जीबीएसमध्ये मेंदू ठणठणीत असतो तर हातपाय का हलत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की काकांना जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) झालाय, मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, सगळ्यांना ओळखतात, बोलतात, पण पाय उचलता येत नाही, हे कसं काय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला या आजाराची साथ आली तेव्हापासून नातेवाईक मला हेच विचारतात, आणि घाईघाईत उत्तर दिलं की त्यांचं समाधान होत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी रचना बघा. मेंदू आणि मणक्यांच्या आतला मज्जारज्जू हा एक भाग, आणि तिथून निघून अंगभर पसरलेल्या नसा हा दुसरा. (नस म्हटलं की लोकांना रक्ताची नस वाटते, मी मज्जातंतूंबद्दल बोलतेय.) मेंदूपासून १२ जोड्या निघतात, मज्जारज्जूपासून ३१. काही तंतू खबर आत आणतात, फरशी गार आहे, चप्पल चावतेय वगैरे, आणि काही तंतू हुकूम बाहेर नेतात. काकांचा मेंदू हुकूम देतोय, तो मज्जारज्जूपर्यंत व्यवस्थित पोचतोय, बिघाड त्याच्या पुढे आहे.

आता सिग्नल जातो कसा. तळपायातले छोटे स्नायू हलवणारी चेतापेशी बसलेली असते मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला, कमरेच्या जरा वर, आणि तिची शेपटी, म्हणजेच तंतू, थेट तळपायापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब, आणि ही एकच पेशी बरं का! वायरीतून करंट जातो तसा त्यातून सिग्नल जात नाही. पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने निगेटिव्ह असतो, सोडियम बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त. सिग्नल आला की तिथली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढी जागा क्षणभर पॉझिटिव्ह होते, त्याच्या धक्क्याने पुढची दारं उघडतात, आणि मागे पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत, एका जागेवर हे सगळं साधारण एका मिलिसेकंदात. म्हणजे सिग्नल जागोजागी नव्याने तयार होतो, म्हणून मीटरभर गेला तरी क्षीण होत नाही. हे हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकुलीच्या (स्क्विडच्या) तंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये मांडलं, कारण माकुलीचा तो तंतू इतका जाड असतो की आत तार घालून व्होल्टेज मोजता येतं.

पण असं तसूतसूने जायला वेळ लागतो. म्हणून जाड तंतूंवर मायलिनचं चरबीचं आवरण असतं, घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळतो तसे वेढ्यावर वेढे, आणि साधारण एकेक मिलिमीटरवर बारीक फट. सिग्नल फक्त फटीत तयार होतो, मधला भाग ओलांडून पुढच्या फटीत. त्यामुळे पायाच्या नसेत सेकंदाला ४०-५० मीटर वेग मिळतो. जीबीएसमध्ये, बऱ्याचदा कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे झालेल्या जुलाबांनंतर, आपलीच प्रतिकारशक्ती जंतू समजून नसांवर तुटून पडते आणि बऱ्याच जणांत हे आवरण सोलून काढते, काहींमध्ये थेट तंतूवरच घाव घालते. सोडियमची दारं फटींपाशीच दाटीने असतात, झाकलेल्या भागात अगदी कमी, त्यामुळे आवरण गेलं की करंट वाटेतच झिरपतो आणि पुढच्या फटीतली दारं उघडायला जोर उरत नाही. हुकूम अर्ध्या वाटेवर संपतो. लांब नसेत असं होण्याच्या जागा जास्त, म्हणून सुरुवात बहुतेकदा पायांपासून.

डॉक्टरांनी काकांच्या गुडघ्याखाली हातोडी मारून बघितलं असेल. त्या झटक्याला मेंदूची गरजच नसते, मांडीच्या स्नायूतून खबर मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच हुकूम परत येतो. माझ्या एक जीबीएसच्या पेशंट काकू स्वतःच्या पायाकडे टक लावून बघत होत्या, कपाळावर घाम, सगळा जीव एकवटून अंगठा हलवायला बघत होत्या, आणि मी हातोडी मारली तर मांडीचा स्नायू ढिम्म. पक्षाघातात पाय लुळा पडला तर काही दिवसांनी हाच झटका उलट जोरात येतो. त्यावरून कळतं बिघाड वर आहे की बाहेरच्या नसांत.

हृदयाचे ठोके, बीपी सांभाळणाऱ्या आपोआप चालणाऱ्या नसाही याच दुसऱ्या, मज्जारज्जूबाहेरच्या भागात येतात, श्वासाच्या पडद्याची नसही, म्हणून आयसीयूत ठेवतात. आवाज बारीक झाला, पाणी पिताना ठसका लागला, तर तेव्हाच्या तेव्हा सिस्टरना सांगा, राउंडची वाट बघू नका.

आवरण परत तयार होतं, काही आठवडे ते काही महिने लागतात. तंतूच तुटला असेल तर मात्र तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासून पावलापर्यंत यायला वर्षभर तरी जातं. तोवर सांधे आखडू देऊ नका, घोटा काटकोनात ठेवा, हातपाय तुम्ही हलवून द्या, नाहीतर सिग्नल पोचेल तेव्हा पाऊल वळायलाच तयार नसेल. आणि एनसीव्हीचा (नसेतला सिग्नलचा वेग मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट मागून घ्या, त्यात डिमायलिनेटिंग (आवरण गेलेलं) लिहिलंय की अ‍ॅक्सोनल (तंतूच बिघडलेला) तेवढं बघून मला कळवा, किती दिवस धरून चालायचं त्याचा अंदाज त्यावरून येईल.