बारावीचा निबंध अमेरिकेत का चालत नाही

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलीला बारावीला इंग्रजीत ९२ गुण आहेत, मग अमेरिकेत पहिल्याच वर्षी हा लेखनाचा कोर्स कशाला, आणि त्यातून सूट मिळेल का? एपीच्या, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या अमेरिकी परीक्षांपैकी, इंग्रजीच्या परीक्षेत पाचपैकी ४ किंवा ५ असतील तर बऱ्याच कॉलेजांत मिळते. बोर्डाच्या गुणांवर सहसा नाही. मिळाली तरी घेऊ नये, असं माझं मत. पुढे प्रत्येक विषयात असंच लिहायचं असतं.

आपली मुलं इथे इंग्रजीमुळे कमी आणि निबंधाच्या सवयीमुळे जास्त अडतात. सुरुवातीला सुविचार, मग फायदे, तोटे, शेवटी ‘नाण्याच्या दोन बाजू’. इथे पहिल्या परिच्छेदातच एका वाक्यात दावा लागतो. त्याला थीसिस म्हणतात. ‘महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली’ ही झाली माहिती. ‘भाजीवाल्याला त्या भावात दुसरी पिशवी मिळाली नाही, म्हणून बंदी मंडईत टिकली नाही’ हा दावा, कारण यावर कुणीही पुरावा मागू शकतो. पुढे दर परिच्छेदाला एक मुद्दा, त्याचा पुरावा, आणि त्या पुराव्यातून काय निघतं ते स्वतःच्या शब्दांत. हे शेवटचंच मुलं गाळतात. उतारा डकवला की झालं, असं वाटतं.

खरी भीती वाङ्मयचौर्याची. मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून नुसते शब्द बदलले, तर संदर्भ देऊनही ती चोरी धरली जाऊ शकते. म्हणून उतारा वाचायचा, पान मिटायचं, समजलं तसं लिहायचं, मग उघडून ताडायचं. पान क्रमांक तिथल्या तिथे टिपायचा. रात्री दोन वाजता तो सापडत नाही. संदर्भ देण्याच्या दोन पद्धती नेहमी भेटतात. एमएलए पद्धतीत कंसात लेखकाचं आडनाव आणि पान, मध्ये स्वल्पविराम नाही. एपीएत आडनाव, स्वल्पविराम, साल. कोणती वापरायची ते सिलॅबसमध्ये, म्हणजे प्राध्यापक सुरुवातीला देतात त्या कोर्सच्या माहितीपत्रकात असतं.

‘पाच पानं’ म्हणजे १२ पॉइंटची अक्षरं, ओळींत दुप्पट अंतर (डबल स्पेस), चहूबाजूंनी एक इंच समास, साधारण १,२५० ते १,५०० शब्द. संदर्भांचं पान बहुधा वेगळं. कच्च्या मसुद्यालाही बऱ्याचदा गुण असतात, तो चुकवू नये. संदर्भासाठी हवा असलेला लेख वाचायला एखादी वेबसाइट पैसे मागू लागली तर भरू नका. कॉलेजची लायब्ररी तो बहुधा फुकट मागवून देते, फक्त काही दिवस लागतात. कॉलेजचं रायटिंग सेंटर, म्हणजे लिखाणावर सल्ला देणारी जागा, तेही फुकट, पण तिथे सहसा व्याकरण सुधारून मिळत नाही, आणि सेमिस्टर संपत आलं की वेळ मिळणं मुश्कील.

निघेपर्यंत तिला रोज एक मराठी अग्रलेख वाचून त्यातला दावा एका वाक्यात लिहायला सांगा. काही अग्रलेखांत तो सापडणारच नाही; तेही तिला ओळखता यायला हवं.