सुरमई, सर्व्हिस चार्ज आणि अडवलेली किल्ली

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीसाठी गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका महागड्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये बारा जणांचं टेबल बुक केलं होतं. पाच हजार आगाऊ भरले. "रात्री आठ, आतलं दालन" असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं गेलं. प्रत्यक्षात टेबल मिळालं सव्वानऊला, तेही स्वयंपाकघराच्या दाराशी. कबाब गार, नान वातड, डाळ खारट, वेटर उद्धट. मेनूत 'सुरमई टिक्का' होता. समोर आला तो मासा सुरमई नव्हताच, असं माझ्या मालवणच्या आईचं ठाम म्हणणं. पाण्याची बाटली १२० रुपयांना. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. तो काढा म्हटल्यावर मॅनेजर म्हणाला, "सिस्टीममधून निघत नाही." वाद वाढला तेव्हा व्हॅलेकडची, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या त्यांच्या माणसाकडची, गाडीची किल्ली अडवून ठेवली. शेवटी भावाने कार्डाने सगळे पैसे भरले. आता रेस्टॉरंट पुढच्या भेटीत २० टक्के सूट देऊ म्हणतंय. भाऊ म्हणतो, पाच लाखांचा दावा ठोक. मी कोल्हापूरला राहते. काय करावं?

उत्तर : पत्रासोबत बिलाचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पाठवलेत, हे फार बरं केलंत. अशा प्रकरणांत लोक तीन पानं संताप लिहितात आणि बिल कचऱ्यात टाकलेलं असतं.

आधी एक कडू गोष्ट सांगते. जेवण आवडलं नाही, एवढ्यावर कायदा काही करू शकत नाही. डाळ खारट होती हे तुमच्या जिभेला कळलं. तक्रार ज्याच्याकडे जाईल त्या ग्राहक आयोगासमोर ती डाळ नाही, तुमची जीभही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. तिचा गाभा असा, की कायद्याने जी गुणवत्ता ठेवायलाच हवी किंवा कराराने जे करायचं कबूल केलं, त्यात कमी पडणं म्हणजे त्रुटी. तेव्हा तुमच्या तक्रारी दोन ढिगांत वाटा. कबूल केलेलं न मिळणं एका बाजूला, न आवडणं दुसऱ्या बाजूला. नान, डाळ आणि वेटरचा तोरा दुसऱ्या ढिगात घाला आणि तक्रारीत त्यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका. गार कबाबचं थोडं वेगळं आहे. तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत, वेटर "असंच असतं" म्हणाला आणि प्लेट बदलून दिली नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोष दाखवूनही तो दुरुस्त न करणं ही सेवेतली त्रुटीच, म्हणून तेवढं ठेवा.

पाण्याचा मुद्दा सोडून द्या. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले म्हणून अनेकजण तावातावाने येतात. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांच्या बाजूने निकाल दिलाय. तिथे बाटलीसोबत बसायची जागा आणि सेवाही विकली जाते, त्यामुळे छापील किमतीचं बंधन त्यांना लागू होत नाही, असं त्या निकालाचं म्हणणं. साधं पाणी मागूनही नाकारलं असतं, तर गोष्ट निराळी. तसं काही तुमच्या पत्रात नाही, आणि नसलेलं घुसवू नका. उलटतपासणीची वेळ आलीच, तर एका खोट्या वाक्यामुळे दहा खरी वाक्यं बुडतात.

टेबलाची तक्रार भक्कम आहे. पाच हजार आगाऊ घेऊन लेखी वेळ आणि जागा दिली, म्हणजे करार झाला. दहा-पंधरा मिनिटं कोणीही समजून घेतं, सव्वा तास नाही. तुमच्याकडे आठ वाजून बारा मिनिटांनी "आम्ही पोचलोय, रिसेप्शनला उभे आहोत" असा पाठवलेला मेसेज आहे. तुमच्या सगळ्या कागदांत मला तो सर्वांत जास्त आवडला. त्याच्याखाली त्यांचं "सॉरी मॅडम, ५ मिन" हे उत्तर आहे, आणि त्यानंतर तासभर काहीच नाही. हा स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्रही लावा. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांत फारसा अडकत नाही, पण समोरचा वकील अडकवायला बघतो. आणि मूळ संभाषण फोनमधून पुसू नका.

आता सर्व्हिस चार्ज. बिलात खाण्यापिण्याचे २१,४०० रुपये आहेत. त्यावर १० टक्के म्हणजे २,१४०, आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, १,१७७. एकूण २४,७१७. म्हणजे सर्व्हिस चार्जवरही तुम्ही १०७ रुपये कर भरलात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढलेली मार्गदर्शक तत्त्वं नेमकी हेच मना करतात. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही उकळायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगितीही होती. पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने ही तत्त्वं वैध ठरवली आणि सक्तीचा सर्व्हिस चार्ज बेकायदा असल्याचं सांगितलं. संघटनांनी त्यावर अपील केलंय, तेव्हा समोरचा वकील "विषय प्रलंबित आहे" असं म्हणणारच. म्हणू द्या. "सिस्टीममधून निघत नाही" हे उत्तर मात्र कुठल्याही न्यायालयात टिकणारं नाही. सिस्टीम कोणीतरी माणसानेच लावलेली असते. तुमची मागणी इथे नेमकी ठेवा : २,१४० अधिक १०७, एकूण २,२४७ रुपये. अंदाजे ठोकून दिलेल्या आकड्यापेक्षा असा मोजून मागितलेला आकडा आयोगाला लवकर पटतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत. किल्ली. रात्री सव्वाअकराला पंचाहत्तर वर्षांची बाई पोर्चमधल्या कुंड्यांच्या कठड्यावर बसून आहे, भाऊ काउंटरवर भांडतोय, आणि व्हॅलेचा पोरगा "वरून सांगितलंय, पेमेंट झाल्यावरच" म्हणतोय. बिलाच्या रकमेपेक्षा आयोगाला हे चित्र दिसायला हवं.

व्हॅलेच्या हाती गाडी दिली की कायद्याच्या भाषेत ते बेलमेंट होतं, म्हणजे वस्तू सांभाळायला सोपवणं. व्हॅलेने लावलेली गाडी चोरीला गेली, त्या दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. सोपवलेली वस्तू पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क, त्याला धारणाधिकार म्हणतात, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार फक्त त्या वस्तूवर केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता असतो. शिंपी शिलाई मिळेपर्यंत शिवलेला कोट ठेवून घेऊ शकतो. कलम १७१ मध्ये कोणत्याही थकबाकीपोटी वस्तू अडवू शकणाऱ्यांची छोटी यादी आहे, बँका, अडते, वकील वगैरे. त्यात रेस्टॉरंट नाही. कबाबच्या बिलापोटी गाडी अडवायला त्यांच्याकडे कोणताही आधार नव्हता. आणि तुम्ही बिल बुडवतही नव्हतात; जेवणाचे पैसे द्यायला तयार होतात, वाद फक्त २,१४० चा होता. हे वाक्य नोटिशीत जसंच्या तसं येऊ द्या.

पोलिसांत जावं का, असं कोणीतरी सुचवेलच. माझा सल्ला, नको. अन्यायाने अडवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खालचा गुन्हा आहे खरा, पण तो माणसाला अडवल्याचा. तुम्हाला कोणी रिक्षाने जायला मना केलं नव्हतं. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी वाद आहे" ऐकून परत याल. हीच घटना ग्राहक तक्रारीत मानसिक त्रासाचा पाया म्हणून जास्त कामाची आहे. त्यासाठी आजच्या आज ईमेल पाठवा, की त्या रात्री आठ ते साडेअकराचं रिसेप्शन, काउंटर आणि पोर्चचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. चित्रण फार दिवस राहत नाही. मागणी लेखी असेल तर "पुसलं गेलं" म्हणणं त्यांनाच महाग पडतं. व्हॅलेचं टोकन परत घेतलं असेल, पण कोणाच्या फोनमध्ये त्याचा फोटो असेल तर शोधा.

सुरमईबद्दल. तुम्ही लिहिता, आईने एक तुकडा बोटांनी दाबला, तो पांढराफटक आणि लिबलिबीत होऊन विस्कटला, आणि ती म्हणाली, "ही इसवण न्हय." तुमच्या आईवर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी स्वतःची शंका बासावर आहे; स्वस्त, बिनकाट्याचा, गोड्या पाण्यातला, मसाल्यात लपतो. पण मासा पोटात गेला, नमुना उरला नाही, आणि प्रयोगशाळेचा कागद नाही. तेव्हा नुकसानभरपाईचा डोलारा यावर उभा करू नका. मात्र अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५० मध्ये मागितलेल्या जातीचा किंवा दर्जाचा नसलेला पदार्थ विकल्यास पाच लाखांपर्यंत दंड आहे. यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी तक्रार करा. बिलावर चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्न परवान्याचा क्रमांक आहे, तो लिहा. अधिकारी त्यांची माशांची खरेदीची बिलं तपासू शकतात. तुम्हाला किंवा मला ते शक्य नाही. दंड झाला तर तो सरकारजमा होईल, तुम्हाला त्यातला रुपया मिळणार नाही.

भावाच्या पाच लाखांबद्दल स्पष्ट बोलते, त्याला वाईट वाटलं तरी. चोवीस हजारांच्या बिलावर पाच लाख मागितले, की तक्रार वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ही मंडळी जेवायला गेली होती की लॉटरी काढायला? २,२४७ परत मागा, बिलातला काही भाग मागा, किल्लीच्या प्रकारासाठी मानसिक त्रासाचे पंचवीस हजार आणि खर्चाचे दहा मागा. मिळेल त्याहून कमी, हे धरून चला.

आधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. कोणाला, इथे लोक चुकतात. दारावरच्या पाटीवरचं नाव बहुतेकदा नुसता ब्रँड असतो. बिलाच्या तळाशी जीएसटी क्रमांक आहे; तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालक कंपनीचं खरं नाव निघतं. नोटीस त्या नावाने, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सर्व्हिस चार्जचे पैसे बऱ्याचदा तिथेच परत येतात.

नाही आले, तर जिल्हा आयोग. आणि पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरात. बुकिंग तुमच्या नावाचं आणि कार्ड भावाचं, म्हणून दोघेही तक्रारदार व्हा, तुमचं नाव पहिलं. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करा. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेलं बिल, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. वकील लावायचं बंधन नाही. इतक्या रकमेसाठी मी तरी माझी फी तुमच्याकडून घेणार नाही, कारण ती दाव्यालाच खाऊन टाकेल. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकाल लावा म्हणतो, पण तेवढ्यावर सुट्ट्यांचं नियोजन करू नका.

त्यांचं २० टक्क्यांचं कूपन? ईमेलची शेवटची ओळ पुन्हा वाचा. तिथे हा विषय "पूर्ण व अंतिमतः मिटला" असं समजण्यात येईल, असं लिहिलंय. उत्तर द्या, की प्रस्ताव मान्य नाही, रोख परतावा हवा. कूपन वापरूही नका, कोणाला देऊही नका.

राहिलं आईंचं शपथपत्र. आयोगात पुरावा मुख्यतः शपथपत्रावर चालतो, आणि त्या रात्री पोर्चमध्ये बसलेली व्यक्ती त्या आहेत. ते मराठीत करा, वकिली भाषा घालू नका. किती वेळ बसल्या, थंडी होती का, औषधाची वेळ चुकली का, हे त्या बोलतील तसं उतरवा. माशाचं वाक्यही मालवणीतच राहू द्या, कंसात फक्त "इसवण म्हणजे सुरमई" एवढं लिहा.